साडेतीनशे वर्षांपूर्वीचं पाणी

वाशी, १० ऑगस्ट २०२५

दादा,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण डॉक्टरांनी गुडघे टेकायला मनाई केली आहे आणि खोटं लिहायची सवय मला आता या वयात सोडायची आहे.

राखी पोचली म्हणे. पाकीट तू स्वतः फोडलंस, हेही रुतिकाने सांगितलं. अकरा वर्षं मी तुझ्या बातम्या तुझ्या सुनेकडून काढते आहे. बिचारी भावेशशी लग्न करून आपल्या गावी, करंज्याला आली आणि आपलं टपालखातं सांभाळत बसली. तिच्याकडूनच कळलं की तू अजून होडीवर जातोस, भावेश मोबाइलवर भरतीची वेळ बघतो आणि तू बोटांवर मोजून त्याच्या आधी सांगतोस. ऐकून बरं वाटलं.

पत्राचं कारण असं. बेलापूरला नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांचा एक अभ्यासवर्ग भरणार आहे. पंधरा नोव्हेंबरला तिथे मला तासभर बोलायला बोलावलंय. विषय, खांदेरीची लढाई आणि तिच्यातून आरमाराने काय शिकावं. शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाईला एवढा मान! कारण माझं पुस्तक. त्यातल्या सदुसष्टाव्या पानाच्या झेरॉक्स त्यांनी सगळ्या मुलांना वाटल्या आहेत.

ते पान तुला चांगलं आठवत असेल. सोळाशे एकोणऐंशी साल. मुंबईच्या तोंडावर खांदेरीच्या बेटावर मराठे किल्ला बांधताहेत आणि इंग्रजांची मोठी गलबतं बेटाभोवती नांगर टाकून त्यांची वाट अडवताहेत. तरी थळच्या किनाऱ्यावरून छोट्या होड्या दगड, धान्य, माणसं घेऊन जातच आहेत. मग अठरा ऑक्टोबरच्या पहाटे मराठ्यांच्या होड्या अशा वेगाने चालून आल्या की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता वेळ मिळाला नाही. हा वेग आला कुठून? मी लिहिलं की उधाणातून. पौर्णिमेच्या उंबरठ्यावरची भरती, धावतं पाणी, आणि त्या पाण्यावर स्वार झालेलं आपलं आरमार. लोकांना ते पान फार आवडतं. मलाही फार आवडायचं.

प्रकाशनाच्या दिवशी, इथेच वाशीत, मी ते पान वाचून दाखवलं. तू तिसऱ्या रांगेतून उभा राहिलास आणि म्हणालास, "दमे, त्या दिशी उधान नव्हता. भांग व्हता, सुस्त पानी."

त्यावर मी स्टेजवरून एक वाक्य बोलले. ते वाक्य मी इथे लिहीत नाही. लोक हसले. तू खाली बसलास, कार्यक्रम संपेपर्यंत बसून राहिलास, पेढा घेतलास आणि बसने उरणला गेलास. त्यानंतर माझ्या घराचा उंबरा तू ओलांडला नाहीस.

पंधरा नोव्हेंबरला येशील का? का ते आज विचारू नकोस, लिहायला मन धजत नाही.

तुझी,
दमयंती


वाशी, १४ सप्टेंबर २०२५

दादा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमनला दोनदा विचारलं. तो म्हणाला, "बाई, आजकाल पत्रं कोन पाठवतो? वीजबिल आलंय, देऊ?"

आता धीर करते. ऐक.

तू बरोबर होतास. त्या दिवशी भांग होता.

उधाण म्हणजे पुनवे-अवसेचं धावतं पाणी आणि भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं सुस्त पाणी, हे मी तुला शिकवायला नको. पण मी चुकले कशी ते सांगते, कारण ही चूक कोणत्याही मच्छीमाराच्या हातून झाली नसती. ती शिकलेल्या माणसाचीच चूक आहे. लढाईची तारीख इंग्रजांच्या कागदात आहे, अठरा ऑक्टोबर. मी ती उचलली, तिथी काढली, शुद्ध चतुर्दशी निघाली. आपला हिशोब लावला, तिथीची पाऊणपट म्हणजे भरती पुरी व्हायची वेळ. साडेदहा आले. म्हणजे पहाटे उधाणाची भरती जोरात चढतीवर. मी खूष.

पण त्या काळी इंग्रज जे कॅलेंडर वापरत ते आजच्या कॅलेंडरच्या दहा दिवस मागे होतं. त्यांच्या अठराला आपण आज अठ्ठावीस म्हणू. दहा दिवस पुढे सरकलं की येते वद्य अष्टमी-नवमी. भांग. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे माहीत असतं. मी स्वतः वर्गात शिकवलंय. आणि स्वतःच्या पुस्तकात विसरले, कारण आलेलं उत्तर मला आवडलं होतं.

हे माझ्या लक्षात कोणी आणून दिलं माहीत आहे? बोनकोड्याची स्नेहल, माझी विद्यार्थिनी. आता व्यापारी जहाजावर अधिकारी आहे. सुट्टीवर आली की भेटायला येते. चहा पिता पिता सहज म्हणाली, "बाई, ही इंग्रजांची डेट आहे ना? मग दहा दिवस अ‍ॅड केलेत का?" मी म्हटलं, बघते. ती गेल्यावर बघितलं. मग पंखा लावून तोच हिशोब पुन्हा दोनदा केला.

आता यातलं वाईट सांगते. हे तिच्या या सुट्टीतलं नाही. तीन वर्षांपूर्वीचं आहे.

तीन वर्षं मला ठाऊक आहे की तू बरोबर होतास. मी कोणाला सांगितलं नाही. तुला नाही, प्रकाशकाला नाही. गेल्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रकाशकाने विचारलं, काही दुरुस्त्या? मी म्हटलं, शुद्धलेखनाच्या आहेत थोड्या. सदुसष्टावं पान तसंच छापून आलं. आणि आता तेच पान नौदलाची मुलं धडा म्हणून वाचताहेत. उद्या त्यातली काही जहाजं चालवतील.

म्हणून बोलावते आहे. तिथे उभी राहून मी हे सांगणार आहे, आणि सांगताना तू समोर असायला हवास. ज्याला मी सगळ्यांसमोर खाली बसवलं त्याला सगळ्यांसमोर उभं करायचं आहे. मोठा हार आणून ठेवीन, आधीच सांगते.

दमयंती


वाशी, ५ ऑक्टोबर २०२५

दादा,

रुतिका म्हणाली, तू पत्रं वाचतोस. एकदा नाही, दोनदा. भावेशने विचारलं, "आत्याला काय सांगू?" तर तू जाळं शिवायला बसलास. ठीक आहे. तू जाळं शीव, मी लिहिते.

भाषणाची तयारी करताना पुस्तक पुन्हा वाचलं, आणि या वेळी पहिल्यांदा शेवटचं पान नीट वाचलं. ऋणनिर्देश. त्यात दोन ग्रंथालयं आहेत, माझे मुख्याध्यापक आहेत, टायपिंग करून देणारा मुलगा नावानिशी आहे. आणि खाली एक ओळ, "स्थानिक मच्छीमार बांधवांचे सहकार्य लाभले."

स्थानिक मच्छीमार बांधव! दादा, ते बांधव म्हणजे तू एकटा होतास.

त्या वर्षी तू मला चार दिवस होडीतून थळ ते खांदेरी फिरवलंस. ऐन मासळीच्या दिवसांत. इंजिन बंद करून वल्ह्यावर नेलंस, कारण मी म्हटलं होतं की त्या काळी इंजिन कुठे होतं. हाताला फोड आले तुझ्या. मी घड्याळ लावून बसले होते आणि तुला सूचना करत होते. खडक कुठे पाण्याखाली जातात, मोठं गलबत कुठे वळू शकत नाही, बेटाच्या कुठल्या अंगाला लाट कमी लागते, सगळं तू सांगितलंस आणि मी वहीत उतरवलं. पुस्तकात ते माझं निरीक्षण म्हणून आलं. बेटावरच्या वेताळाला नारळ फोडून तू माझ्या पुस्तकासाठी काय मागितलंस ते मी विचारलंही नाही.

खरं तर पुस्तकात जे टिकण्यासारखं आहे ते सगळं त्या चार दिवसांचं आहे. मी बेलापूरला हेच सांगणार आहे. समुद्रावर कोणाची सत्ता आहे हे तोफा मोजून कळत नाही. तिथे रोज जाऊन रोज घरी जेवायला कोण येतं ते बघावं. इंग्रजांची गलबतं मोठी होती, तोफा भारी होत्या, पण त्यांना खोल पाणी लागायचं, वारा लागायचा, दाणापाणी मुंबईहून आणावं लागायचं. आपल्या होड्यांना गुडघाभर पाणी पुरायचं आणि घर समोर दिसत होतं. वाट अडवणारा थकतो, कारण तो परक्या जागी उभा असतो. हे मी कुठल्या ग्रंथात वाचलं नाही. "मोटी होडी मोट्या पान्याची, ती हितं काय करल?" असं तू वल्हं मारता मारता म्हणाला होतास.

मागचंही आठवतंय. बाबा गेले तेव्हा तू सातवीत होतास आणि मी दुसरीत. तू शाळा सोडून गोटीरामकाकांच्या होडीवर गेलास. मी कॉलेजला मोऱ्याहून लाँचने मुंबईला जायला लागले, तेव्हा ओहोटीला लाँच धक्क्याला लागायची नाही. रोज जेवताना तू उद्याचं पाणी सांगायचास, "उद्या चारला येऊ नको, सवापाचला ये." आणि ज्या दिवशी मला उशीर व्हायचाच, त्या दिवशी चिखलाच्या पलीकडे होडी घेऊन उभा असायचास. साडी खराब होऊ नये म्हणून मला पाठंगुळीला घेऊन किनाऱ्यावर आणायचास. वर म्हणायचास, "बीए होशी तवर माझा कनाच मोरंल." तीन वर्षं. एकदाही चुकला नाहीस.

मी तुला कधी धन्यवाद म्हटलं नाही. आपल्याकडे भावाला कोणी म्हणत नाही. पण टायपिंगवाल्याला म्हटलं होतं, म्हणून आज तुला म्हणते. उपकार आहेत तुझे, दादा. फार आहेत.

येशील ना?

दमयंती


वाशी, २५ ऑक्टोबर २०२५

रामचंद्रराव,

भाऊबीज झाली. ताट करून ठेवलं होतं. अकरा वर्षं ठेवतेच आहे, पण या वर्षी खरंच वाटलं होतं.

आता मला राग आलाय. माणूस चुकलं, माणसाने कबूल केलं, तीन पत्रं लिहिली, पाय धरायचे बाकी ठेवले, तरी तुझं तोंड उघडत नाही. अजून काय हवं तुला? बरोबर होतास असं मी लिहून दिलंय. सभेत सांगणार आहे. तिसऱ्या आवृत्तीत तुझ्या नावानिशी छापणार आहे, "हे पाणी श्री. रामचंद्र तांडेल यांनी अचूक ओळखले होते." अचूक! हा शब्द मी आयुष्यात कोणासाठी वापरलेला नाही.

की तुला ते वाक्य हवं आहे? जे मी लिहायचं टाळते आहे?

घे मग. मी म्हणाले होते, "दादा, ही सभा आहे, मासळीबाजार नव्हे."

मी कोण? वेणूबाईची मुलगी. उरणच्या मासळीबाजारात आपली आई तीस वर्षं पाटी घेऊन बसली. मी पाटीमागे बसून पाढे पाठ केले. माझी पहिली पाटी-पेन्सिल, माझ्या कॉलेजची फी, सगळं त्या बाजारातून आलं. आणि चार शिकलेल्या लोकांसमोर मला त्या बाजाराची लाज वाटली, तीही तुझ्या तोंडावर. तारखेची चूक मी तीन वर्षं लपवली. ही चूक अकरा वर्षं लपवते आहे. तारखेचा एवढा बोभाटा मी करते आहे तोही कदाचित यासाठी, की हिच्याकडे कोणाचं लक्ष जाऊ नये.

झालं. आता काही उरलं नाही माझ्याकडे. यायचं तर ये.

द.


वाशी, २ नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझा आवाज आला. रुतिकाच्या फोनवरून, रेकॉर्ड केलेला, एक मिनिट पन्नास सेकंद. अकरा वर्षांनी. पहिल्यांदा ऐकला तेव्हा शब्द कळलेच नाहीत, नुसता आवाज ऐकला. म्हातारा झालास रे.

मग लिहून घेतला. शिक्षिकेची खोड. तू काय बोललास ते तुलाच पुन्हा वाचायला पाठवते, म्हणजे नंतर नाकारायला नको.

"दमे, मी बोलतंय. रुतिकानी फोन धरलाय. पत्रा वाचली, सगली वाचली. मना तिथं बोलवू नको. तू लिवतंस का दादा बरोबर होता. दमे, मी काय बरोबर-बिरोबर नव्हतो. साडेतीनशे वर्सांमागचं पानी मना कुठं ठावं? तू वर बसलेलीस, मी तिसऱ्या लायनीन. तू थल सांगतलास, मुंबय सांगतलास, इंग्रज सांगतलास. आपला करंजा तुझे तोंडान एकदा पन नाय आला. आय नाय आली. मना राग आयला. तू उधान बोललीस म्हनून मी भांग बोललो. तू भांग बोलली असतीस तं मी उधान बोललो असतो. मंग अकरा वर्सा समदी बोलतान, दमीनी रामाचा अपमान केला, रामाला पान्यातलं समदं कलतं. मी गप. आता तू मना हार घालनार? नको. मना लाज वाटतं. त्या बाजाराचं बोललीस ते मी इसरलो नाय. पन तू लिवलंस, आता बास. फोन ठेव गो रुतिका, कसा बंद करतान ह्यो."

दादा, मी हसले की रडले ते मलाच सांगता येत नाही. तुझ्या त्या एका वाक्यासाठी मी काय काय रचलं होतं माहीत आहे? भाषणात लिहिलं होतं की अष्टमीची भरती पहाटे सहाच्या सुमाराला पुरी होते, त्या वेळी पाणी उभं असतं, वल्ह्याच्या होडीला त्याहून चांगली वेळ नाही, आणि समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाला हे रक्तातून कळतं. रक्तातून! आणि तू नुसता चिडला होतास.

म्हणजे मी निष्काळजीपणाने चुकले, तू रागाच्या भरात बरोबर ठरलास आणि अकरा वर्षं आपण दोघं आपापली लाज उराशी धरून बसलो. तुला वाटलं, मी तुला बरोबर म्हणते आहे आणि तू नाहीस. मला वाटलं, तू माझ्यावर रागावला आहेस. तू गप का आहेस याच्या मी शंभर शक्यता काढल्या, ही एक सोडून.

हार रद्द. "अचूक" हा शब्दही रद्द.

पण दादा, तरी ये. बरोबर होतास म्हणून येऊ नकोस. त्या दिवशी मी एकटी उभी राहून सव्वाशे अधिकाऱ्यांना सांगणार आहे की तुम्हाला दिलेलं पान चुकीचं आहे आणि मी ते जाणूनबुजून तसंच ठेवलं. माझे जुने मुख्याध्यापक येणार आहेत, प्रकाशक येणार आहेत. त्यानंतर ते माझ्याशी कसे बोलतील मला माहीत नाही. नावाला जपण्यात माझं आयुष्य गेलं, हे तुला माहीत आहे. त्या सभागृहात माझं म्हणावं असं एक माणूस मला हवं आहे. तेवढंच.

मला भीती वाटते आहे, दादा.

दमी


वाशी, १६ नोव्हेंबर २०२५, दुपार

दादा,

तू आत झोपला आहेस. घोरतो आहेस. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तुला पत्र लिहिते आहे, म्हणजे मला वेड लागलंय असं कोणी म्हणालं तर ते खरं आहे. पण तोंडावर बोलायला गेले तर तू "चल, येडी" म्हणून उठून गॅलरीत जाशील. सकाळपासून दोनदा गेलास.

काल मी स्टेजवर चढले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती. मी पहिल्या रांगेतली ठेवली होती. सुरुवात केली, पहिलंच वाक्य दोनदा वाचलं. मग मागचं दार उघडलं आणि पांढरा सदरा घातलेला एक म्हातारा हातात पिशवी घेऊन आत आला. पहिल्या रांगेकडे बघितलंही नाहीस. सरळ तिसऱ्या रांगेत, दोन अधिकाऱ्यांच्या मध्ये, पिशवी मांडीवर घेऊन बसलास. पिशवीत सुकी कोळंबी, सोडे, होते हे मला थोड्या वेळाने वासावरून कळलं. सगळ्या सभागृहालाच कळलं.

मग मी बोलले. पान सदुसष्ट समोर धरा, म्हटलं, आणि त्यावर फुली मारा. सगळं सांगितलं. दहा दिवस, तीन वर्षं, दुसरी आवृत्ती. ते वाक्यही सांगितलं. मुख्याध्यापकांनी मान खाली घातली. प्रकाशकांनी फोन काढला. मी तुझ्याकडे बघत होते. तू छताच्या पंख्याकडे बघत होतास, पण पिशवी घट्ट धरली होतीस.

प्रश्नांच्या वेळी एक उंच मुलगा उठला, "मॅडम, मग त्या पहाटेच्या हल्ल्याचं खरं कारण काय?" मी म्हटलं, मला माहीत नाही, पण तुमच्या मागच्या रांगेत असा माणूस बसला आहे ज्याने ते पाणी वल्ह्याने कापलं आहे. त्याला विचारा. तुला माइक दिला तेव्हा मी मनात म्हटलं, गेलं, आता हा उठून जाणार.

तू उठलास. म्हणालास, "मना ठावं नाय." मग म्हणालास, "पानी उभं असंल तं वल्ह्याचं काम, ता खरा. पन आदी मना सांगा, वारा कुठचा व्हता?"

मी म्हटलं, कागदात नीट सापडत नाही.

"मंग तुमाना अर्दीच लढाई ठावं हाय," तू म्हणालास आणि खाली बसलास.

त्यानंतर पाऊण तास जे झालं ते तुला कळलं का मला माहीत नाही. मला कळलं, मी पस्तीस वर्षं शिकवलं आहे. ती सगळी मुलं तुझ्याभोवती गोळा झाली. ऑक्टोबरात पहाटे जमिनीवरचा वारा समुद्राकडे सुटतो, तो थळच्या बाजूला किती वेळ टिकतो, नांगरावरचं गलबत कुठल्या बाजूला तोंड करतं, ते तू टेबलावर पाण्याचे ग्लास मांडून दाखवलंस. मुलं फोनवर फोटो काढत होती. त्यांचे वरिष्ठ मला म्हणाले, पुढच्या तुकडीला होडीतूनच खांदेरी दाखवता येईल का, तुमच्या भावाला विचाराल? मी म्हटलं, तुम्हीच विचारा, मी त्याचे चार दिवस घेऊन बसले आहे एकदा.

माझं नाव थोडं खाली आलं, दादा. प्रकाशक चहालाही थांबले नाहीत. मुख्याध्यापक जाताना एवढंच म्हणाले, "उशीर केलात, बाई." ते बरोबर आहेत. मला वाटलं होतं त्याहून हे कमी दुखलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू जागा व्हायच्या आत.

आयुष्यात माझ्याकडे बरोबर असलेली माणसं खूप आली. प्रमाणपत्रं घेऊन, पुरावे घेऊन आली. मीही त्यांच्यातलीच. तू काल आलास तो बरोबर नसताना आलास, आणि मी चुकलेली असताना आलास. गाडी बदलून, पिशवी सांभाळत, ज्या जागेवर तुझा अपमान झाला होता तसल्याच खुर्चीत येऊन बसलास. माझ्यासाठी. मी तुझ्याकडून होडी घेतली, पाणी घेतलं, पाठ घेतली. पण काल जे दिलंस ते मागायची हिंमत मला अठ्ठावन्नाव्या वर्षी झाली आणि तू ते दिलंस. मी तुझी ऋणी आहे हे वाक्य पुस्तकी आहे, पण मला दुसरं येत नाही. मी तुझी फार ऋणी आहे, दादा.

पुढच्या महिन्यात तिसऱ्या आवृत्तीचं ते पान लिहायचं आहे. करंज्याला येऊन लिहीन म्हणते. लिहिलेलं तुला वाचून दाखवीन. तू चूक काढशील. मी भांडेन. चालेल ना?

खाकरलास. पलंग वाजला. पत्र इथेच थांबवते, चहा ठेवायला हवा. तुला साखर किती लागते ते आता मला माहीत नाही, विचारून घालते.